एचपीव्ही टेस्ट: सॅम्पल कसं द्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा आणि पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय

मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते, त्यामुळे नात्यागोत्यातले सगळे रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतात आणि डॉक्टरकडे नंतर जातात. शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी हे नेहमीचंच. पण मागच्या दिवाळीच्या आधी चुलत वहिनीचा रात्री साडेअकराला फोटो आला, 'हाय रिस्क एचपीव्ही डीएनए: डिटेक्टेड', आणि खाली एकच ओळ, "वन्सं, मला कॅन्सर झालाय का?" त्यात दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सल्ला देऊन टाकला की पिशवीच काढून टाक, कटकटच नको. दोन मुलं झालीत, आता काय करायचीय पिशवी.

तेव्हा वहिनीला जे जे सांगितलं ते इथे नीट क्रमाने लिहितेय, म्हणजे प्रत्येकीला रात्री साडेअकराला कुणाला तरी फोटो पाठवायची वेळ येऊ नये.

आधी विषाणूबद्दल थोडंसं

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, बहुतेक निरुपद्रवी, काहींमुळे हातापायाला चामखीळ येते बस. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरशी संबंध असलेले साधारण 14 प्रकार आहेत, त्यांना हाय रिस्क म्हणतात, आणि त्यातले 16 आणि 18 हे दोन सगळ्यात वाईट, जगातल्या साधारण 70 टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हे दोघंच असतात. हा संबंध हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिला, त्याला 2008 चं नोबेल मिळालं.

आता महत्त्वाचं. हा विषाणू शरीरसंबंधातून, तिथल्या त्वचेच्या संपर्कातून पसरतो आणि तो इतका कॉमन आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायकापुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, कळतही नाही. दहातल्या साधारण नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आपोआप हाकलून देतं. जिच्यात तो चिकटून बसतो तिच्यात तो पेशीच्या आतले दोन ब्रेक निकामी करतो, त्याचं ई6 प्रोटीन पी53 ला संपवतं आणि ई7 आरबीला, मग पेशी वेड्यासारख्या वाढायला मोकळ्या. पण हे सगळं व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, एचआयव्ही असून औषधं चालू नसतील तर 5 ते 10. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो, आणि ही टेस्ट त्याच वेळेचा फायदा घेते.

आणखी एक, हा विषाणू रक्तात फिरत नाही. तो त्या जागेच्या पेशींमध्येच राहतो. त्यामुळे "रक्त देऊन होईल का" असं विचारणाऱ्या सगळ्यांना उत्तर एकच, नाही होणार, सॅम्पल तिथूनच घ्यावं लागतं.

पॅप सोडून हीच टेस्ट कशाला

पॅप स्मिअरमध्ये पेशी काचेवर घेऊन बिघडलेल्या दिसतायत का ते माणूस डोळ्याने बघतो. व्हीआयएमध्ये पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते बघतात, सरकारी दवाखान्यात बहुतेक हीच होते. दोन्हीत बघणाऱ्याचा डोळा आणि अनुभव यावर खूप काही अवलंबून. डीएनए टेस्टमध्ये मशीन विषाणूचंच डीएनए शोधतं, पेशी बिघडायच्या आधीसुद्धा.

आणि याचा जगातला सगळ्यात मोठा पुरावा आपल्याकडचा आहे हे फार कमी जणांना माहितीये. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 धडधाकट बायका, गावांचे 52 समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, एकाचं पॅप, एकाचं व्हीआयए आणि चौथ्याला नेहमीची सेवा. तपासणी फक्त एकदाच! मग आठ वर्षं पाठपुरावा. एचपीव्ही गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, चौथ्या गटात 64, आणि बाकी दोन गटांत मृत्यूंमध्ये म्हणावी तशी घट दिसलीच नाही. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही यावरून पुढे बराच वाद झाला आणि तो प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पण आकडे आकडेच आहेत. त्यातला माझा आवडता आकडा निगेटिव्ह आलेल्या बायकांचा. दर लाख बायकांमागे वर्षाला नवे कॅन्सर, पॅप निगेटिव्ह असलेल्यांत 15.5, व्हीआयए निगेटिव्ह असलेल्यांत 16, आणि एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्यांत फक्त 3.7. म्हणून या टेस्टचं निगेटिव्ह आलं की पाच वर्षं निवांत राहा असं आम्ही छातीठोक सांगू शकतो.

पायरी 1: कुणी आणि कधी करायची

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनाप्रमाणे वयाच्या तिशीपासून, दर 5 ते 10 वर्षांनी. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि दर 3 ते 5 वर्षांनी. तिशीच्या आत घाई करू नका, त्या वयात विषाणू भेटतो आणि जातो, उगाच पॉझिटिव्ह येऊन घरात रडारड होते. (ऑस्ट्रेलियात पंचविशीपासून हीच टेस्ट दर पाच वर्षांनी करतात, तिकडे राहणाऱ्या मैत्रिणींना पत्र येईलच, ते कचऱ्यात टाकू नका.)

लस घेतली असेल तरी टेस्ट करायचीच, लस सगळ्या 14 प्रकारांवर नसते. आपल्या पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅकला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, ती 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर आहे. आणि आधीच झालेलं इन्फेक्शन लसीने जात नाही.

पिशवी काढलीये त्यांचं काय? पूर्ण पिशवी तोंडासकट काढलेली असेल, ती गाठी किंवा रक्तस्राव अशा साध्या कारणाने असेल आणि आधी कधी पेशी बिघडल्याचा रिपोर्ट नसेल, तर टेस्टची गरज नाही. पण कधीकधी ऑपरेशनमध्ये तोंड तसंच ठेवतात आणि बाईला ते माहीतच नसतं, म्हणून डिस्चार्ज कार्ड शोधून बघा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा. संबंधानंतर रक्त जातंय, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसतंय, अंगावरून घाण वासाचं पाणी जातंय, असं काही असेल तर ही टेस्ट करून रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन तपासून घ्यायचं. स्क्रीनिंग टेस्ट ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी असते.

पायरी 2: लॅबला काय विचारायचं

नुसतं "एचपीव्ही करा" म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. एक, हाय रिस्कचे किती प्रकार बघता? दोन, 16 आणि 18 वेगळे सांगता का? तीन, पॉझिटिव्ह आलं तर त्याच बाटलीतून पॅप करता येईल का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर पुन्हा टेबलावर झोपायचा एक फेरा वाचतो.

मशीनं वेगवेगळी असतात. कोबास 14 प्रकार बघतं, त्यात 16 वेगळा, 18 वेगळा आणि बाकीचे 12 एकत्र. जीनएक्स्पर्टचं कार्ट्रिज साधारण तासाभरात रिझल्ट देतं. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट लहानसं, बॅटरीवर चालणारं, टीबीसाठी आपल्याकडे खेडोपाडी पोचलेलं, त्यावरही एचपीव्हीची चिप आहे, मात्र ती मोजकेच प्रकार बघते. वाईट टेस्ट असं नाही, पण निगेटिव्ह म्हणजे कशाकशाला निगेटिव्ह हे माहीत असलेलं बरं. लो रिस्क प्रकारांची, म्हणजे 6 आणि 11 ची टेस्ट कुणी पॅकेजमध्ये गळ्यात मारत असेल तर नको म्हणा, त्यांनी तिथे चामखिळीसारखे कोंब येतात, कॅन्सर होत नाही, आणि स्क्रीनिंगमध्ये त्यांचा उपयोग शून्य.

रेट लॅबप्रमाणे बदलतात, दोनतीन ठिकाणी फोन करा. खर्च झेपत नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रात व्हीआयए फुकट होते, ती करा. काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी.

पायरी 3: जायच्या आधी

पाळी चालू नको. पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या ते विसाव्या दिवसातली वेळ घ्या. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या नकोत, क्रीम नको, आतून धुणं नको. उपाशीपोटी जायची अजिबात गरज नाही, तरी दहातल्या दोघीतिघी उपाशीच येतात बिचाऱ्या.

जेलबद्दल खास सांगते कारण डॉक्टरसुद्धा विसरतात. काही वंगण जेल आणि योनीत लावायच्या औषधांमध्ये कार्बोमर नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ असतो, तो पीसीआरला, म्हणजे लॅबमध्ये डीएनए वाढवायच्या क्रियेला, अडवतो आणि रिपोर्ट 'इनव्हॅलिड' येतो. तपासणीचं स्पेक्युलम आत घालताना जेलऐवजी कोमट पाण्याने भागतं.

पायरी 4: सॅम्पल

डॉक्टरकडे असेल तर पाठीवर झोपायचं, गुडघे वर, आत बदकाच्या चोचीसारखं स्पेक्युलम घालतात, ते उघडल्यावर पिशवीचं तोंड दिसतं, तिथे झाडूसारखा मऊ ब्रश टेकवून एकाच दिशेने पाच वेढे. दुखत नाही, चमत्कारिक वाटतं. श्वास सोडत राहा, अंग ताठ केलं की त्रास वाढतो. नंतर एखादा लाल ठिपका दिसला तर घाबरू नका.

मग ब्रश बाटलीतल्या द्रावणात. थिनप्रेपची बाटली असेल तर ब्रश तळाशी दहा वेळा दाबून, घुसळून फेकून द्यायचा. शुअरपाथची असेल तर ब्रशचं डोकं आतच ठेवायचं. नेमकं उलट. हे कॅम्पमध्ये हमखास गडबडतं.

एकदा आमच्याकडे एका कॅम्पची पेटी आली, चाळीसेक बाटल्या. उघडली तर मिथेनॉलचा भपकारा. तीन झाकणं सैल, अर्ध्या बाटल्या सांडलेल्या, आणि ते सांडलेलं शेजारच्या लेबलांवर गेलेलं. लेबलं बॉलपेनने लिहिलेली. मिथेनॉलमध्ये बॉलपेनची शाई विरघळते, सगळी नावं निळ्या ओघळात गेली, एकीचं तर फक्त 'सु' उरलेलं. त्या बायकांना पुन्हा बोलवावं लागलं, आणि मला नंतर कळलं की त्यातल्या दोघी परत आल्याच नाहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, झाकणावर आणि बाटलीवर एकेक रेघ असते, झाकणाची रेघ बाटलीच्या रेघेच्या पुढे जाईपर्यंत फिरवा, आणि लेबल पेन्सिलने लिहा. सॅम्पल देऊन उठलात की बाटलीवर आपलं नाव, वय स्वतः वाचून घ्या, त्यात लाजायचं काय.

स्वतःचं सॅम्पल स्वतः

माझी मावशी, वय 52, डॉक्टरांपुढे पाय फाकवून झोपणार नाही म्हणजे नाही, दहा वर्षं टाळत होती. तिला लॅबचं सेल्फ सॅम्पलिंगचं किट दिलं, बाथरूममध्ये गेली, तीन मिनिटांत बाहेर. "एवढंच?"

करायचं असं. हात धुवा. उकिडवं बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवा. स्वॅबचं टोक कशालाही न लावता आत साधारण 5 सेंटीमीटर, म्हणजे बोटाची दोन पेरं, सरकवा. अडलं तर जोर नाही, दिशा थोडी मागे कंबरेकडे करा. मग हळूहळू 20 ते 30 सेकंद गोल फिरवा, बाहेर काढा आणि ट्यूबमध्ये. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरज नाही, विषाणू असलेल्या पेशी गळून योनीत आलेल्याच असतात. पीसीआरवर चालणाऱ्या टेस्ट असतील तर अशा सॅम्पलचा रिझल्ट डॉक्टरने घेतलेल्याच्या तोडीचा येतो. मात्र यातून पॅप होत नाही, पॉझिटिव्ह आलं तर दवाखान्यात जावंच लागतं, हे मावशीकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

पायरी 5: लॅबमध्ये काय होतं

पेशी फोडतो, आतलं डीएनए चुंबकी मण्यांना चिकटवतो, घाण धुऊन काढतो, शुद्ध डीएनए घेतो. मग पीसीआर, प्रत्येक फेरीत विषाणूच्या ठरावीक तुकड्याची दुप्पट, एकाचे दोन, दोनाचे चार, 30 फेऱ्यांत एका तुकड्याचे 107 कोटी. सोबत चमकणारा प्रोब असतो, तुकडे वाढले की स्क्रीनवर रेघ वर उठते. प्रत्येक बाईच्या सॅम्पलमध्ये आम्ही माणसाचं एक जीनसुद्धा शोधतो, कोबासमध्ये बीटा ग्लोबिनचं. ती रेघ उठलीच पाहिजे. ती सपाट राहिली म्हणजे पेशीच आल्या नाहीत किंवा काहीतरी अडथळा आहे, मग निगेटिव्ह असं आम्ही देऊच शकत नाही. हायब्रिड कॅप्चर नावाच्या जुन्या टेस्टमध्ये, धाराशिवच्या अभ्यासात वापरलेल्या, ही सोय नव्हती.

पायरी 6: रिपोर्ट वाचणं

'नॉट डिटेक्टेड' म्हणजे ते प्रकार सापडले नाहीत, पाच वर्षांनी या. 'इनव्हॅलिड' म्हणजे टेस्टच झाली नाही, चांगलं पण नाही वाईट पण नाही, सॅम्पल पुन्हा द्या. 'डिटेक्टेड' म्हणजे विषाणू आहे. फक्त विषाणू. कॅन्सर आहे की नाही हे ही टेस्ट सांगतच नाही. वहिनीला हे मी त्या रात्री चार वेळा सांगितलं.

कोविडपासून सगळे सीटी व्हॅल्यू, म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत रेघ वर उठली तो आकडा, विचारायला शिकलेत. इथे तिचा उपयोग नाही, सीटी वीस आहे की पस्तीस यावर पुढचे उपचार ठरत नाहीत. विचारायचं ते कोणता प्रकार.

पायरी 7: पॉझिटिव्ह आलं तर

16 किंवा 18 असेल तर सरळ कॉल्पोस्कोपी. बाकीच्या 12 पैकी असेल तर आधी पॅप, त्यात काही बिघाड दिसला तर कॉल्पोस्कोपी, पॅप नॉर्मल असेल तर वर्षभराने पुन्हा एचपीव्ही टेस्ट. डॉक्टर वय, आधीचे रिपोर्ट बघून यात बदल करतील, पण ढाचा हाच. जिथे सोयी कमी तिथे पॉझिटिव्ह आल्यावर व्हीआयए करून त्याच दिवशी उपचार करायची पद्धतही मान्य आहे.

कॉल्पोस्कोपी म्हणजे बाहेरून भिंगातून बघणं. ॲसिटिक ॲसिड लावतात, थोडं चुरचुरतं, पांढरी झालेली जागा दिसली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन बायोप्सीला पाठवतात. पेशी किती बिघडल्यात ते बायोप्सीत सीआयएन 1, 2, 3 असं सांगतात, हा कॅन्सरच्या आधीचा बिघाड, 1 सगळ्यात सौम्य. सीआयएन 1 आलं तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवायचं, ते बऱ्याचदा आपोआप जातं. सीआयएन 2 किंवा 3 आलं तर तेवढी जागा थर्मल ॲब्लेशनने भाजतात किंवा लीप नावाच्या पद्धतीत विजेवर तापणाऱ्या बारीक तारेने कापून काढतात. जागा बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी.

या यादीत पिशवी काढणं कुठेच आलं नाही ते बघितलंत? नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्हवर पिशवी काढत नाहीत. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, तेव्हा कळलं की 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती घालून किती सहज हे होतं. कुणी सुचवलंच तर शांतपणे विचारा, कोणता प्रकार आहे, पॅप काय म्हणतंय, कॉल्पोस्कोपी झाली का, बायोप्सी काय आली. चारातल्या एकाचंही उत्तर नसेल तर फाइल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आणि नवरा. हे लिहायला अवघड आहे पण घरोघरी होतं. पॉझिटिव्ह आलं म्हणजे कुणी बाहेर काही केलं असं सिद्ध होत नाही, विषाणू दहा दहा वर्षं गुपचूप बसून असू शकतो, कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त स्क्रीनिंग टेस्टही नाही, त्यामुळे "ह्यांची पण करून घेऊ का" याला उत्तर नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. विषाणू मारायचं औषध म्हणून कुणी कॅप्सूल देत असेल तर तसं कुठलंच मान्यताप्राप्त औषध नाहीये. तंबाखू, मशेरी असेल तर ती मात्र सोडा, सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हा कॅन्सर जास्त दिसलाय आणि मशेरीतही तंबाखूच असते.

पायरी 8: फाइल

रिपोर्टवर टेस्टचं नाव, मशीनचं नाव, प्रकार आणि तारीख आहे ना बघा, फोटो काढून स्वतःला मेल करा. रिपीट शक्यतो त्याच पद्धतीने करा, नाहीतर एकीने 14 प्रकार बघितले, दुसरीने चार, आणि 'गेलं' म्हणून पेढे वाटले असं व्हायचं.

वहिनीचा प्रकार बाकीच्या बारांतला निघाला, त्याच बाटलीतून पॅप केलं, नॉर्मल. वर्ष या ऑक्टोबरात पूर्ण होतंय, पिशवी जागच्या जागी आहे, काकू अजून नाराज आहेत. परवा वहिनीचा मेसेज आला की यावेळी सॅम्पल तिकडेच गावात देते आणि तुमच्या लॅबला पाठवते, चालेल ना वन्सं? म्हटलं पाठव की, फक्त नाव पेन्सिलने लिहायला सांग.